मान हलवून भागत नाही

मी मुद्रितशोधक होतो. चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात कच्ची मुद्रितं वाचण्यात सगळी नोकरी गेली. ते काम डोळ्यांचं, आणि तोंड मिटून करायचं. घरीही मी फारसा बोलत नसे. हिनं काही विचारलं की मान हलवायची, चहा पुरे झाला की कपावर हात धरायचा, आमटी आवडली की वाटी पुढे करायची. बाकीचं ती चेहऱ्यावरून ओळखायची. आमचा चाळीसेक वर्षांचा संसार असा खुणांवर चालला. मग हिच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे मधोमध निकामी झाले, आणि त्या सगळ्या खुणा एकदम बंद पडल्या.

मी अजून शिकतोच आहे. ज्यांच्या घरी नुकतंच असं काही घडलंय आणि कुणाला काय विचारावं हेही सुचत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

हिचा आजार म्हणजे वाढत्या वयात होणारी मॅक्युलाची झीज. डॉक्टर त्याला ‘एएमडी’ म्हणतात. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मधोमध जेमतेम पाचेक मिलिमीटरचा एक भाग असतो, तो मॅक्युला. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, सगळं त्या एवढ्याशा जागेवर चालतं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते बदलता येतं. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस मरत जाते आणि बहुधा आधी कडेचं दिसणं जातं. हिचं त्याच्या उलट झालं. कडेचं शाबूत, मधलं गेलेलं, छायाचित्राच्या मध्यावर कुणी अंगठा टेकवून धरावा तसं.

लक्षात आलं ते दाराच्या चौकटीवरून. “अहो, चौकट मध्येच वाकलीय,” ही एके सकाळी म्हणाली. ठाकुरद्वारजवळची आमची इमारत जुनी, उपकरप्राप्त, एका अंगाला लाकडी टेकू दिलेले. त्या काळात गिरगावात जमिनीखालून मेट्रोचा बोगदा खणणं चालू होतं आणि जो तो आपापल्या भिंतीकडे बघत होता. शेजारच्यांनी येऊन चौकटीला ओळंबा लावला. चौकट सरळ होती. दवाखान्यात हिच्या हातात चौकटी-चौकटींचा एक कागद दिला, मध्ये एक ठिपका. मार्क ॲम्स्लर नावाच्या स्विस नेत्रतज्ज्ञाच्या नावानं तो ओळखला जातो. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा सरळ दिसतात का ते सांगायचं. हिला ठिपक्याभोवतीच्या रेघा लाटांसारख्या दिसल्या, आणि दुसऱ्या डोळ्यानं तर ठिपकाच दिसला नाही. तो डोळा कधी गेला हे तिलाही कळलं नव्हतं, कारण चांगला डोळा त्याचं काम निमूट करत राहिला होता. साठी उलटलेल्या प्रत्येकानं अधूनमधून एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे किंवा मोरीतल्या फरशांकडे बघावं. रेघ वाकडी दिसली तर त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांकडे जावं. या आजाराच्या ‘ओल्या’ प्रकारात डोळ्यात इंजेक्शनं देतात आणि ती वेळेवर मिळाली तर बरीचशी नजर टिकू शकते. हिच्या एका डोळ्याला उशीर झाला होता. दुसरा इंजेक्शनांवर काही काळ तग धरून राहिला, मग त्यातही व्रण धरला.

शेवटच्या खेपेला आम्ही ज्या रुग्णालयात होतो तिथल्या डॉक्टरांनी नीट तपासलं आणि म्हणाले, “आता औषधानं यापुढे काही होणार नाही. जपा त्यांना.” आम्ही कागद घेऊन बाहेर आलो. जपायचं म्हणजे काय करायचं, हे त्या कागदावर नव्हतं. याचा मला आजही राग आहे. उपचार संपतात त्या क्षणी माणसाला सर्वांत जास्त माहितीची गरज असते, आणि नेमकं तिथेच पान कोरं असतं.

ही माहिती आमच्यापासून लांब होती असंही नाही. ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा १९०२ पासून आहे. तिच्यावरून मी बसनं किती वेळा गेलो असेन. दादर पूर्वेला १९०० साली अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी सुरू केलेली अंधशाळा आहे. आज ती कमला मेहता यांच्या नावानं मुलींसाठी चालते. राष्ट्रीय अंध संघटना, जिला सगळे ‘नॅब’ म्हणतात, ती १९५२ साली याच मुंबईत स्थापन झाली. वरळी सी फेसला तिचं कार्यालय आहे. आणि धोबीतलावला, आमच्या घरापासून पायी जाता येईल एवढ्यावर, सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिबाधितांसाठी २००३ पासून एक संसाधन केंद्र आहे. शाळा मुलांसाठी असतात, हे खरं. पण म्हातारपणी नजर गेलेल्यांनी कुठे जायचं, हे विचारायला सुरुवात करायची तर असं एखादं दार ठोठावावं लागतं. आम्हाला ते दार चाळीतल्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं दाखवलं. डोळ्यांच्या विभागात कुणीही सांगितलं नव्हतं.

पुढे ओळखीओळखीतून एक प्रशिक्षिका घरी येऊ लागली. वयानं आमच्या मुलीपेक्षा लहान, जन्मापासून दृष्टिहीन. जिना एकटी चढून आली. मी हिचा दंड धरून तिला पुढे आणून बसवलं, ते तिनं आवाजावरूनच ओळखलं असावं. म्हणाली, “काका, तुम्ही काकूंना धरू नका. काकू तुम्हाला धरतील.”

मग तिनं शिकवलं. हिनं माझ्या कोपराच्या किंचित वर धरायचं आणि अर्धं पाऊल मागे चालायचं. मी वळलो की माझं अंग वळतं, ते हिला हातातून कळतं. जिना आला की क्षणभर थांबायचं आणि ‘चढायचंय’ की ‘उतरायचंय’ ते सांगायचं. नुसतं ‘जिना आहे’ म्हटलं तर पाय वर टाकायचा की खाली, हे कसं समजणार? अरुंद जागेत मी माझा हात पाठीमागे न्यायचा, की ही आपोआप माझ्या मागे येते. खुर्चीत बसवायचं नाही, हात खुर्चीच्या पाठीवर ठेवायचा. बसणं तिचं ती करते. मागून ढकलत नेलं तर पुढचा खड्डा आधी तिच्या पायाला लागतो. पुढे मी असलो तर तो आधी मला लागतो, आणि माझ्या अंगाचा हिसका तिला इशारा देतो. फणसवाडीच्या तोंडाशी हातगाड्या, उभ्या केलेल्या दुचाकी, वर लटकणारी ताडपत्री असं सगळं एकदम येतं. तिथे हीच पद्धत खरी उपयोगी पडली.

चालणं जमलं. बोलणं मात्र मला फार जड गेलं.

“हे घे,” “तिकडे ठेवलंय,” “ते बघ”: घरातलं माझं निम्मं बोलणं असल्या शब्दांचं होतं, आणि त्यातला एकही शब्द आता चालत नव्हता. तिकडे म्हणजे कुठे? “तुझ्या उजव्या हाताला, वीतभर अंतरावर, टेबलाच्या कडेपासून चार बोटं आत” असं सांगायला लागतं. खोलीत आलो की “मी आलो” म्हणायचं. बाहेर पडताना “मी खाली चाललोय” म्हणायचं, नाहीतर ती रिकाम्या खुर्चीशी बोलत राहते. आणि ते लक्षात येतं तेव्हा तिचा चेहरा जसा होतो तो मला बघवत नाही. मान हलवायची नाही, “हो” म्हणायचं. हसू आलं तर ते ऐकू गेलं पाहिजे. रागावलो असलो तर तेही शब्दांत सांगायचं, कारण माझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावायला पूर्वी तिच्याजवळ माझा चेहरा होता. आता नुसती शांतता असते आणि ती तिला घाबरवते. पहिल्या पावसाळ्यात हे फार जाणवलं. पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की गॅलरीतली पावलं, दाराची कडी, माझी चाहूल, सगळं बुडून जातं. तेव्हा मी तिच्या खांद्याला हात लावून बोलतो.

टॉमस कॅरोल नावाचे एक अमेरिकन धर्मगुरू होते. दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांमध्ये त्यांनी काम केलं, आणि १९६१ साली अंधत्वावर एक पुस्तक लिहिलं. नजरेबरोबर माणसाचं आणखी काय काय जातं याची त्यांनी यादी केली आहे: वीस गोष्टी. चालणं-फिरणं, वाचणं, नोकरी हे तर कुणालाही सुचेल. पण त्यांनी सहज बोलता येणं हीसुद्धा एक गमावलेली गोष्ट म्हणून मोजली आहे, कारण समोरचा हसतोय की कंटाळलाय हे न दिसता बोलायचं असतं. आमच्या घरातलं दुःख मला पहिल्यांदा कुणीतरी नाव घेऊन सांगितलं ते त्या यादीत. कॅरोल यांचं म्हणणं कठोर आहे: आधीचा डोळस माणूस मरतो, त्याचा शोक करू द्यावा लागतो, आणि मगच नव्या आयुष्याची तयारी सुरू होते. मला ते पटलं. हिनं बरेच दिवस कुणाशी बोलायचं टाळलं, तेव्हा येणारा-जाणारा “धीर धरा वहिनी” म्हणायचा. धीर कशाला? तिला रडायचं होतं. मी शेजारी बसून “मी इथे बसलोय” एवढंच सांगायचो.

स्वयंपाकघराविषयी मला थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण घरचे लोक पहिला घाला तिथेच घालतात. मुलगी ठाण्याहून आली आणि म्हणाली, “बाबा, आईला गॅसजवळ जाऊ देऊ नका. डबा लावू.” तिची काळजी खरी होती. पण ही ताडकन म्हणाली, “डोळे गेलेत, हात आहेत.” मग आम्ही तिघांनी बसून ओटा पुन्हा लावला. गॅसच्या बटणावर बंद, मंद आणि मोठा अशा तीन जागी फुगीर खड्याच्या टिकल्या चिकटवल्या, हिच्याच पाकिटातल्या. मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांची जागा ठरलेली होतीच, ती कुणीही बदलायची नाही असा नियम झाला. डाळींच्या डब्यांना रबरबँड लावले, तूरडाळीला एक, मूगडाळीला दोन. मीठ काचेच्या बरणीत, साखर स्टीलच्या डब्यात. कांदा पांढऱ्या फळीवर दिसत नाही, म्हणून काळी फळी आणली. तिच्यावर तोच कांदा हिला नजरेच्या कडेनं कळतो. दिवा डोक्यावरून काढून ओट्याच्या जवळ, खांद्यामागून येईल असा घेतला. फोडणीला मोहरी कधी टाकायची हे तिला तेलाच्या वासावरून कळतं, आणि तडतड थांबली की हिंग. ते तिनं पूर्वीही कानानंच केलं असणार. मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

जेवणाचं ताट हा प्रशिक्षिकेचा पुढचा धडा होता. ती म्हणाली, ताट घड्याळासारखं समजा, सांगा की बाराला भाजी, तीनला आमटी. हिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अगं, आमच्या ताटाला घड्याळ कशाला?” आपल्याकडे पान वाढायची रीत ठरलेली असते. वर मधोमध मीठ. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाज्या आणि आमटीची वाटी. पुढ्यात भात-वरण. लहानपणी पंगतीत चटणी उजवीकडे वाढली म्हणून मी आजीची बोलणी खाल्ली आहेत, आणि तो नियम कशासाठी असतो हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांनी त्या नियमाचा एक उपयोग घरात रोज दोनदा दिसतो: आमची ही न चाचपडता जेवते. कुठे कार्यालयात जेवायला गेलो आणि पदार्थ ताटात कसेही पडले, की तिचा हात घुटमळतो आणि ती कमी जेवते. आता मी वाढप्याला आधीच सांगतो, “डावं-उजवं नीट वाढा.” वाढपी वयस्क असला तर त्याला कारण विचारावंसं वाटत नाही. एक बदल मात्र केला: स्टीलच्या ताटात पांढरा भात चकाकीत हरवतो, म्हणून घरात गडद निळं ताट आणलं. केळीचं पान असलं तर फारच उत्तम. हिरव्यावर पांढरं तिला स्पष्ट कळतं.

कडेचं दिसणं शाबूत असल्यामुळे बाहेरच्यांना हिचं वागणं कोड्यात टाकतं. जमिनीवर पडलेलं कढीपत्त्याचं पान ती वाकून उचलते, आणि समोर उभ्या असलेल्या जावेला ओळखत नाही. “हवं ते बरोबर दिसतं,” अशी कुजबुज गॅलरीतून माझ्या कानावर आली. मी बाहेर जाऊन पडदा, मॅक्युला, मध्य, कडा, सगळं समजावून सांगितलं. प्रशिक्षिकेनं हिला नजर थोडी बाजूला रोखून बघायला शिकवलं, म्हणजे पडद्याचा जिवंत भाग वापरता येतो. त्यामुळे आता माझा चेहरा बघायचा तर हिला माझ्या कानाच्या पलीकडे नजर लावावी लागते. पाहणाऱ्याला वाटतं ती दुसरीकडेच बघते आहे. मला आता माहीत आहे, की तेव्हाच तिला मी थोडा तरी दिसत असतो.

एक गोष्ट तिनं माझ्यापासूनही लपवून ठेवली होती. एका रात्री दिवा मालवल्यावर म्हणाली, “अहो, मला मुलं दिसतात.” संध्याकाळच्या वेळी पोटमाळ्याच्या कडेवर टोप्या घातलेली छोटी मुलं ओळीनं बसलेली दिसायची. कधी समोरच्या भिंतीवर जरीकाठासारखी नक्षी पसरत जायची. ती खरी नाहीत हे तिला कळत होतं. मुलं बोलत नव्हती, काही करत नव्हती. पण आपल्याला वेड लागत चाललंय या भीतीनं तिनं महिनोन् महिने तोंड उघडलं नव्हतं. शेजारणीला सांगितलं असतं तर उतारा टाकायचा सल्ला मिळाला असता, एवढं तिलाही माहीत होतं.

मी घाबरलो. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात आणि नजर गेलेल्या माणसांमध्ये ते मुळीच दुर्मीळ नाही. लोक सांगत नाहीत एवढंच. शार्ल बोने हा जिनिव्हाचा निसर्गशास्त्रज्ञ. १७६० साली त्यानं आपल्या आजोबांचा अनुभव लिहून ठेवला. त्या वृद्ध गृहस्थांची नजर मोतीबिंदूनं गेली होती, बुद्धी शाबूत होती, आणि त्यांना माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसायच्या. डोळ्यांकडून मजकूर येणं थांबलं की मेंदूतला पाहण्याचा भाग स्वतःच चित्रं रचू लागतो. चित्रं मुकी असतात, आणि पाहणाऱ्याला ती खोटी आहेत हे कळत असतं. आवाजही ऐकू येऊ लागले किंवा ती खरी वाटू लागली, तर मात्र वेगळी तपासणी लागते. मुलं दिसली की दिवा लाव, डोळे मिचकाव, नजर झरकन डावी-उजवीकडे फिरव, असं त्यांनी सांगितलं. बऱ्याचदा मुलं जातात.

हिचं माहेर परळचं. व्ही. शांताराम यांचं राजकमल कलामंदिर घराजवळ. ‘दो आँखें बारह हाथ’च्या चित्रीकरणात बैलाशी झुंज देताना शांतारामबापूंच्या डोळ्यांना इजा झाली, डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहावं लागलं, आणि त्या अंधारात त्यांना रंग दिसू लागले, त्यातून १९५९ सालचा ‘नवरंग’ झाला, ही कथा परळमध्ये वाढलेल्या हिला लहानपणापासून ठाऊक. डॉक्टरांचं ऐकून झाल्यावर परतीच्या टॅक्सीत ही म्हणाली, “त्यांनी तर सिनेमा काढला.” त्या दिवसानंतर तिची भीती गेली. आता ती मला सांगते, आज कोण आलं होतं, टोप्यांचा रंग कोणता होता. नजर गेलेलं माणूस घरात असेल तर त्याला हा प्रश्न आपणहून विचारा. ‘कधी नसलेलं काही दिसतं का? अनेकांना दिसतं,’ असंच विचारा.

बाहेरची कामं हळूहळू तिच्या हातात परत गेली. नोटांचं सोपं निघालं. नव्या मालिकेतली शंभराची नोट १४२ मिलिमीटर लांब, दोनशेची १४६, पाचशेची १५०. चार मिलिमीटरचा फरक बोटांना एकदम कळत नाही, दोन नोटा एकमेकींवर ठेवल्या तर कळतो. शंभर आणि त्यावरच्या नोटांना कडेला उठावाच्या तिरप्या रेघा असतात, शंभरला चार, पाचशेला पाच. नोट जुनी झाली की तो उठाव झिजतो. रिझर्व्ह बँकेनं २०२० च्या १ जानेवारीला ‘मनी’ नावाचं ॲप आणलं, ते कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किंमत बोलून सांगतं आणि त्याला इंटरनेट लागत नाही. पण बाजारात फोन कोण काढत बसणार? हिनं घड्यांची रीत धरली: शंभरला एक घडी, दोनशेला दोन, पाचशेची सपाट, वेगळ्या कप्प्यात. मासळी तर ती माझ्यापेक्षा चांगली घेते. पापलेटचं पोट बोटानं दाबते, कल्ल्यांशी वास घेते. “ताई, तुम्हाला कोण फसवणार,” मासेवाली म्हणाली, आणि ही तिच्याशी भाव करायला लागली.

फोनवर बोलणारी सोय चालू केली तेव्हा दोघंही गोंधळलो. अँड्रॉइड फोनवर ती ‘टॉकबॅक’ नावानं असते. चालू केल्यावर फोनची सगळी रीतच बदलते: एकदा बोट टेकलं की काय आहे ते तो बोलून दाखवतो, उघडायचं तर दोनदा टकटक, यादी सरकवायची तर दोन बोटांनी. आवाजाची दोन्ही बटणं काही क्षण एकत्र दाबली की ती बंद-चालू करता येते. हे आधी शिकून घ्यावं म्हणजे धास्ती राहत नाही. बोलकी पुस्तकं तिला आवडतात. तरी दुपारी दोन तास मीच वाचून दाखवतो. तिला वाचणाऱ्याला मध्येच थांबवायचं असतं, वाद घालायचा असतो.

पांढरी काठी तिनं फार काळ नाकारली. “सगळे बघतील,” एवढंच म्हणायची. कॅरोल यांच्या यादीत गर्दीत कुणाच्या डोळ्यांवर न येता वावरण्याचं सुख गमावणं हीही एक स्वतंत्र बाब आहे. परळच्या गर्दीत वाढलेल्या बाईला ते सुख म्हणजे काय, हे मी समजू शकतो. पण दादरच्या पुलावर एकानं धक्का देऊन वर “दिसत नाही का?” म्हणून विचारलं, तेव्हा तिनं घरी येऊन काठी मागितली. छातीच्या हाडापर्यंत येणारी, घडीची. १९४४ साली रिचर्ड हूवर यांनी अमेरिकेतल्या लष्करी रुग्णालयात लांब काठीची पद्धत बसवली, तीच आजही शिकवतात: पाऊल डावं तेव्हा काठीचं टोक उजवीकडे, म्हणजे पुढच्या पावलाची जागा तपासलेली असते. काठी ती ठाकुरद्वारच्या नाक्यावर उघडते. चाळीत उघडत नाही. तिथली प्रत्येक पायरी तिला पाठ आहे आणि तिथे तिला पूर्वीसारखंच असायचं आहे. जिन्याच्या कडांना चाळीनं पिवळी पट्टी मारून घेतली आहे.

भाद्रपदात आम्ही केशवजी नाईक चाळीत गेलो. तिथे १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. मी म्हटलं, “मूर्ती छान आहे.” ही म्हणाली, “अहो, छान म्हणजे कशी ते सांगा ना.” मग सोंड कुठे वळलीय, पितांबराचा रंग पिवळा की केशरी, पोटावर हात कसा आहे, डोळ्यांची आखणी बारीक आहे की ठसठशीत, एकेक विचारत गेली. मागे रांग होती. कुणीही घाई केली नाही. मी सांगत गेलो, आणि सांगता सांगता लक्षात आलं की मूर्ती मीही इतक्या बारकाईनं प्रथमच बघत होतो.

त्यानंतर मी एक कागद करायला घेतला. डोळ्यांच्या विभागातून ‘आता औषध नाही’ असं ऐकून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हातात द्यायचा, एकपानी, मराठीत. त्यावर ताडदेव, दादर, वरळी, धोबीतलाव इथल्या संस्था. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राविषयी दोन ओळी: २०१६ च्या कायद्यात पूर्ण अंधत्वाबरोबर अल्पदृष्टीही धरलेली आहे, आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व ठरलं की सवलतींचे हक्क लागू होतात. कोपर धरून चालायची पद्धत. आणि शार्ल बोने, कारण त्या मुलांविषयी कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

पहिली प्रत हिच्या हातात दिली. तिनं भिंग लावून, मान तिरपी करून वाचायचा प्रयत्न केला. मोठा टंक म्हणून मी १८ पॉइंट घेतला होता. ती ‘मुबई’ वाचत होती, ‘कायालय’ वाचत होती. अनुस्वार आणि रफार तिच्यासाठी कागदावर नव्हतेच. अक्षर जाड हवं, ओळींमध्ये जागा हवी, म्हणजे वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना लागणार नाहीत. कागद चकचकीत नको. सगळ्या सूचना तिच्या, खुणा मी करत गेलो. माथ्यावर मी लिहिलं होतं, ‘खचून जाऊ नका.’ तिथे येऊन ती थांबली. म्हणाली, “हे काढा. आधी पत्ता लिहा.”

ती ओळ काढली. तिच्या जागी धोबीतलावचा पत्ता वर आला, आणि अक्षर २४ पॉइंटांपर्यंत वाढवायला जागा झाली.